खंडेनवमीचा कंप्युटर

नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंप्युटर लॅब सांभाळणारी सुकन्या बिराजदार मुलांमध्ये एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. पहिल्या वर्षाची पोरं कुणाचं तरी ऐकून आपल्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स घालायची, घालताना कुठंतरी चुकायची, आणि मग लॅपटॉप सुरू केला की काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि पुढं काहीच नाही. बापानं नुकताच घेऊन दिलेला लॅपटॉप. पोरगं रडकुंडीला येऊन लॅबच्या दारात उभं राहायचं. सुकन्या त्याला आधी बसवायची, पाणी प्यायला लावायची आणि मग विचारायची, "काय काय दाबलंस? खरं सांग, मारत नाही."

लॅपटॉप मेलेला नसायचा. एका डिस्कवर दोन सिस्टिम नांदवायच्या तर सुरुवातीला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. इकडं जायचं की तिकडं, एवढंच तो विचारतो. त्याला बूटलोडर म्हणतात. सुकन्या पोरांना आपल्या पद्धतीनं सांगायची, "मोंढ्याच्या गेटवर एक माणूस असतो बघ, गाडी कुठल्या आडतीला न्यायची ते सांगणारा. तो गायब झालाय. माल आत जिथल्या तिथं आहे." आणि काहीही करण्याआधी ती त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. कितीही घाई असो. "आधी नक्कल, मग अक्कल," हे तिचं वाक्य पोरं तिच्यामागं तिच्याच सुरात म्हणायची.

मोंढ्याचा दाखला तिच्या तोंडी आपसूक यायचा, कारण ती लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारातच वाढली होती. तिचे वडील गुरुलिंग, घरात सगळ्यांचे अप्पा, आडतीवर हर्रास पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगावर उभं राहून भाव चढवत न्यायचा, खरेदीदारांना डिवचायचं, शेतकऱ्याला धीर द्यायचा, आणि हे सगळं एका दमात, हमालांच्या आरडाओरड्याच्या वर. असा आवाज देवानं फार थोड्यांना दिलेला असतो. घरी आल्यावर तो आवाज खाली आणणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी चहा मागितला की शेजारची रेणुका आपल्या चुलीवर आधण ठेवायची, अशी सगळ्या गल्लीची थट्टा होती.

आई शिवकांता, म्हणजे अव्वा, शाळेत कधी गेली नाही. नोटा तिला रंगावरून कळायच्या आणि एसटी कंडक्टरला विचारून. पण मोंढ्यातली बित्तंबातमी तिला असायची, कारण अप्पा संध्याकाळी पाय धुऊन उंबऱ्यावर बसले की दिवसभराचं सगळं तिला सांगायचे. कुणी भाव पाडला, कुणाची तूर ओली निघाली, कोण कुणाशी भांडला. ती भाकरी थापत "हाव", "मग", "आता गं बाई" म्हणत ऐकायची. सगळा संसार त्या बोलण्यावर चालला होता. दुसरं काही करमणुकीचं साधन त्या दोघांना लागलंच नाही.

आणि त्याच अप्पांच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू होतीच जन्माची सोबतीण. आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग दवाखाने झाले आणि शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मिळाली.

अव्वानं एकच विचारलं, "मग हे बोलणार कसे?"

"लिहून," डॉक्टर म्हणाले. "पाटी ठेवा, नाही तर मोबाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अव्वानंही डोलावली. तिला वाचता येत नाही हे त्या खोलीत फक्त तिला, अप्पांना आणि सुकन्याला माहीत होतं. हे दोघं आता एका घरात राहणार आणि एकमेकांशी एक शब्द बोलू शकणार नाहीत, हे सुकन्याला तिथंच दिसलं.

तिनं हात बांधून बसण्याचं कारण नव्हतं. माणसाचा आवाज पुरेसा रेकॉर्ड करून घेतला तर लिहिलेलं त्याच आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तयार करता येतो, हे तिला माहीत होतं. अप्पांनी टाईप करावं आणि कंप्युटरनं अप्पांच्या आवाजात अव्वाला सांगावं. झालं तर. प्रोग्रॅम लिनक्सवर चालणारा होता आणि घरात कंप्युटर एकच, धाकट्या भावाचा, रुद्रेशचा. रुद्रेश चार आडतींची बिलं त्यावर करायचा, विंडोजशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. म्हणून सुकन्यानं त्याच डिस्कवर शेजारी लिनक्सला जागा करून दिली.

भाद्रपदापासून ती दर शनिवारी लॅब आटोपून नांदेडहून एसटीनं निघायची. लोहा, अहमदपूर करत अंधारात लातूरला पोचायची आणि रविवारी दिवसभर रेकॉर्डिंग करायची. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या. अप्पा आत घामाघूम. माईकसमोर बसून हळू बोलणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती. तिनं छापील वाक्यं वाचायला दिली तर म्हणाले, "'बागेत सुंदर फुले आहेत' हे म्या जन्मात कुणाला म्हणणार हाय का? भलतंच वाचून घ्यायलीस." मग तिनं कागद बाजूला ठेवला आणि त्यांनाच बोलू दिलं. आवाज घोगरा होता, मधूनमधून तुटत होता, पण शंभरात ओळखू यावा असा त्यांचाच होता. दसरा जवळ आला तोवर तोही बसला. नुसता वारा उरला. जे काही त्यांचं होतं ते आता त्या डिस्कवर होतं.

पुढचं सांगताना मला सुकन्याचा राग येतो, आणि तिचं मला माहीत आहे, तिला माझ्याहून जास्त येतो. पोरांना उठता-बसता नकलेचं शिकवणाऱ्या या बाईनं अप्पांच्या आवाजाची नक्कल एका पेन ड्राईव्हवर ठेवली होती, आणि लिनक्सची जागा अपुरी पडली तेव्हा ती वाढवायला लागणारा प्रोग्रॅम घालण्यासाठी घरातला तोच एकमेव पेन ड्राईव्ह पुसून वापरला. काम होऊन जाईल, मग पुन्हा कॉपी करू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय म्हणायचं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी तिनं काम सुरू केलं. विंडोजचा भाग थोडा आवळायचा आणि लिनक्सचा सगळा मजकूर मोकळ्या झालेल्या जागेत सरकवायचा. तासन् तास चालणारं काम, आणि ते मध्ये तोडायचं नसतं. तिनं रुद्रेशला बजावलं, "याला हात लावू नको," आणि अप्पांना घेऊन ती ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना दवाखान्यात गेली. अव्वाला काही सांगितलं नाही. अव्वा कंप्युटरला कशाला हात लावील, ती तर जन्मात त्याच्याजवळ गेली नव्हती.

पण खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. घरात जे जे राबतं ते त्या दिवशी विसावा घेतं. विळी, उखळ, खुरपं, शिलाई मशीन, रुद्रेशची मोटारसायकल. अव्वानं सगळं धुऊन पुसून मांडलं, विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडू वाहिला. मग तिच्या मनात आलं की लेकाचं पोट ज्याच्यावर चालतं आणि नवऱ्याचा आवाज ज्यात ठेवलाय, त्याला कसं विसरायचं? पडदा झोपलेला होता, पण पेटीतून घरघर येत होती. चालत्या हत्याराची पूजा करत नाहीत. तिनं भिंतीवरचं बटन बंद केलं, पेटी ओल्या फडक्यानं पुसली, पुढं खोचलेला पेन ड्राईव्ह काढून ताटात ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं.

दुपारी सगळे घरी आले तेव्हा उदबत्तीचा वास भरला होता. रुद्रेशनं पूजा झालेली पाहून हौसेनं कंप्युटर सुरू केला. काळा पडदा, वर पांढरी ओळ. विंडोज नाही, लिनक्स नाही.

सुकन्यानं ती ओळ पाहिली. मग झेंडूचं फूल पाहिलं, मग भिंतीवरचं बटन. "बंद कुणी केलं?"

"म्या," अव्वा म्हणाली. "पूजेपुरतं. का गं? लावलं की परत."

सुकन्याचा चेहरा पाहून अव्वाला जे समजायचं ते समजलं. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

खरं तर अजून काहीच गेलं नव्हतं. सुकन्यानं शांतपणे विचार केला असता तर तिला हे कळलं असतं, आणि नंतर कळलंच. निम्मा मजकूर नव्या जागी गेला होता, उरलेला जुन्या जागी तसाच होता. गेटवरच्या माणसाची यादी तेवढी सापडत नव्हती, म्हणून तो दारात अडून बसला होता. डिस्कची नक्कल घ्यायची, जोड कुठं आहे तो शोधायचा आणि दोन्ही तुकडे सांधायचे. वेळखाऊ, पण होणारं काम.

पण रुद्रेश डोक्यावर उभा होता. दसऱ्याला मोंढ्यात सोयाबीनचा नुसता लोट येतो. "अक्का, उद्या चारी आडतींची बिलं काढायची हायेत. काय कर, पण हे चालू कर आज." त्याचं विंडोज तिनं दुसऱ्या वाटेनं उघडून दिलं. ते शाबूत होतं. तो गप्प झाला. मग ती लिनक्सकडं वळली. अव्वा भिंतीशी बसलेली, अप्पा खुर्चीत ताठ बसून पडद्याकडं पाहणारे, परवा ऑपरेशन. नक्कल घ्यायला दुसरी डिस्क हवी होती, ती नांदेडला, तिच्या खोलीवर. एक दिवस थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. तिनं दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. हे दुरुस्त करू का, तो विचारू लागला. एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचा धीर नव्हता, म्हणून तिनं सगळ्यांना मिळून एकदाच होकार देऊन टाकला.

प्रोग्रॅमला काय ठाऊक की मजकूर दोन जागी वाटलेला आहे. त्याला जे वेडंवाकडं दिसलं ते त्यानं इमानेइतबारे सारखं केलं. म्हणजे खोडलं, कापलं, रिकामं केलं. ओळी भराभर वर सरकत गेल्या. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं. थांबवून उपयोग नव्हता. पडद्यावर शेवटी आलं की दुरुस्ती पूर्ण झाली.

संध्याकाळी तिनं अव्वाला स्वयंपाकघरात गाठलं. लपवायचा विचारही तिच्या मनात आला नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"अव्वा, तू बटन बंद केलंस त्यानं गेलं न्हाई. तोवर सगळं होतं. म्या नंतर चुकीचं दाबलं, त्यानं गेलं. नक्कल बी म्याच पुसली होती."

अव्वानं लेकीच्या गालावरून हात फिरवला. पिठाचा हात.

"मला राखाया असं म्हणायलीस माय," ती म्हणाली. "तू पोरांना शिकवणारी. तुझ्या हातनं कशाला चुकंल?"

"खरंच सांगायले, अव्वा."

"हाव. कळतंय मला. चुलीवरची डाळ बघ."

सुकन्यानं पुन्हा सांगितलं, रुद्रेशनं सांगितलं, अप्पांनीही खुणेनं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. इतकी माणसं आपल्याला सांभाळून घेतात म्हणजे आपल्या हातून किती मोठं गेलं असेल, असंच त्या माउलीला वाटत गेलं. दसऱ्याला तिनं सोनं वाटलं नाही. देवापुढं बसून नुसती लिंगपूजा केली आणि उठली.

ऑपरेशन झालं. अप्पा वाचले. गळ्याला भोक, त्यावर फडकं, हातात पाटी. रुद्रेशनं हौसेनं मोबाईलमध्ये लिहिलेलं वाचणारा प्रोग्रॅम घालून दिला. अप्पांनी लिहिलं आणि मोबाईलमधून एक शहरी बाई गोड आवाजात म्हणाली, "जेवण झाले का?" अव्वा दचकून मागं सरली. अप्पांनी मोबाईल उशीखाली सारला तो परत काढला नाही. ते पाटीवर लिहायचे, घरात कुणी असेल तर वाचून दाखवायचा. दुपारी दोघंच असले की घर मुकं असायचं. मोंढ्यातलं आता कुणी काही सांगत नव्हतं, आणि अव्वाचं "हाव" आणि "मग" बंद पडलं होतं.

सुकन्या त्या डिस्कची नक्कल घेऊन नांदेडला गेली. आता घेतली. फुटलेल्या फायलींचे तुकडे वेचून काढणारे प्रोग्रॅम असतात. ती जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कानाला हेडफोन लावून बसायची आणि एकेक तुकडा ऐकायची. बहुतेकांत नुसती खरखर. कुठं खोकला, कुठं कुकरची शिट्टी, कुठं एखाद्या भावाचा मधलाच आकडा. पोरं लॅपटॉप घेऊन दारात यायची, मॅडमचं तोंड पाहून परत जायची. एवढ्याशा चुऱ्यातून आवाज उभा राहणार नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी ती ऐकत राहिली, कारण तिला त्यातली एक फाईल पाहिजे होती.

त्याची गोष्ट अशी. एका रविवारी अव्वा सिद्धेश्वराला गेली होती. तेव्हा सुकन्या अप्पांना म्हणाली, "अव्वाचं नाव पण घ्या. न्हाई तर यंत्र तिला हाक कशी मारंल?" अप्पा गोरेमोरे झाले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या पिढीत बायको जशी नवऱ्याचं घेत नाही तसा नवराही घेत नाही. "अगं", "ऐकलं का", "रुद्रेशची माय" यावर भागायचं. त्यांनी दाराकडं पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाणारा तो माणूस कुजबुजल्यासारखा म्हणाला, "शिवकांता." थांबले. मग न सांगता पुन्हा म्हणाले. मग आणखी एकदा. ऑपरेशननंतर यंत्रातून पहिली हाक तीच मारायची, तोवर तिला सांगायचं नाही, असं बापलेकीत ठरलं होतं.

दिवाळीच्या आधी तिला तो तुकडा सापडला. म्हणजे त्याच्या पुढचा. नाव त्यात नव्हतं, तिथं खरखर होती. खरखर संपली आणि अप्पांचा आवाज स्वच्छ आला, थोडा लाजलेला. "हे राहू दे हां. पुसू नको."

सुकन्यानं हेडफोन काढून ठेवले. त्यानंतर तिनं तुकडे ऐकणं सोडून दिलं.

दिवाळीला ती घरी आली. दुपारची वेळ होती, रुद्रेश मोंढ्यात. अप्पा बाजेवर पाटी घेऊन बसलेले, अव्वा खाली सुपात तूर निवडत. सुपातली नजर वर न करता अव्वानं विचारलं.

"सुकन्या, तू यांच्याकडनं लई काय काय बोलून घेतलंतंस. त्यात माझं नाव होतं का गं?"

अप्पांचा हात पाटीवर थांबला.

सुकन्याला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. नांदेडहून येताना वाटभर तिला हाच प्रश्न भेडसावत होता.

"न्हाई अव्वा. ते राहूनच गेलं."

अव्वानं मान हलवली. वाईट वाटलं असणार, ते तोंडावर दिसलं. पण मग तिनं एक मोठा श्वास सोडला आणि खंडेनवमीपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"बरं झालं माय," ती म्हणाली. "मग माझ्या हातनं लई काही गेलं न्हाई."

अप्पांनी पाटीवर घाईघाईनं लिहिलं. खडू मोडला, उरलेल्या तुकड्यानं लिहिलं, आणि पाटी सुकन्यापुढं धरली. 'होतं. तीनदा घेतलं. सांग तिला.'

"काय म्हणतेत?" अव्वानं विचारलं.

सुकन्यानं पाटी पुन्हा एकदा वाचली.

"पाणी मागायलेत," ती म्हणाली.

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. अप्पांनी लेकीकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. त्यांनी बाहीनं पाटी पुसली, तांब्या हातात घेतला आणि तहान नसताना ते सगळं पाणी पिऊन टाकलं.